काचेमागचा समुद्र

मासा पाण्यात राहतो, हे आपण सगळेच जाणतो. पण पाण्यात तो कसा राहतो, हे किती जणांनी पाहिले आहे? नदीचे पाणी गढूळ असते. तळ्याचे पाणी हिरवे असते. समुद्राच्या तर नुसत्या लाटाच दिसतात. आपल्याला मासा दिसतो तो बाजारात, पाटीमध्ये. तेव्हा तो मेलेला असतो. जिवंत मासा नीट पाहायचा, तर मत्स्यालयात जावे.

देवालय म्हणजे देवाचे घर. तसे मत्स्यालय म्हणजे माशांचे घर. असे एक मत्स्यालय रत्नागिरीला आहे. त्याची माहिती आज आपण घेऊ.

रत्नागिरी गाव

रत्नागिरी हे कोकणातले समुद्रकाठचे शहर. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली येथेच झाला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून कैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा अजून उभा आहे. हा राजवाडा आणि मांडवीचा किनारा पाहायला दूरदूरचे लोक येतात. पुढे गणपतीपुळ्याला देवदर्शनाला जातात.

याच शहरात झाडगाव भागात माशांचा अभ्यास करणारे सरकारी केंद्र १९५८ साली निघाले. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तेथेच हे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे.

देवमासा, पण मासा नव्हे

संग्रहालयात एक प्रचंड सांगाडा आहे. तो देवमाशाचा आहे. त्याची लांबी सुमारे ५५ फूट. म्हणजे चार बैलगाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तरी हा त्यांना पुरून उरेल.

देवमासा नावाने मासा. पण तो खरा मासा नव्हे. बहुतेक मासे अंडी घालतात. देवमाशाची मादी पिलाला जन्म देते आणि अंगावर दूध पाजते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. देवमाशाला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. म्हणून श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावे लागते. म्हणजे समुद्रात राहत असला तरी तो गाईम्हशींच्या जवळचा. नावावरून पारख करू नये, ती अशी!

काचेच्या टाक्या

मत्स्यालयात काचेच्या टाक्या असतात. टाकीवर किंवा जवळ पाटी असते. पाटीवर माशाचे नाव लिहिलेले असते. ते आपले आपण वाचावे. पूर्वी आपण दुसऱ्याला विचारत होतो, “दादा, हा कोणता हो?” तो सांगेल ते खरे. आता अक्षर आपल्याला कळते. नाव वाचावे, मग मासा पाहावा, मग पुन्हा नाव वाचावे. म्हणजे दोन्ही ध्यानात राहतात.

समुद्रघोडा पाहा. तोंड घोड्याचे, शेपूट वळलेले. तो उभ्याने पोहतो. याची रीत न्यारीच. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. ती सांभाळायची नराने. दिवस भरले, की पिशवीतून पिले बाहेर येतात.

लायन फिश दिसायला फार देखणा. अंगावर पट्टे, पंख पसरलेले. पण पाठीच्या काट्यांत विष असते. काटा टोचला तर भयंकर वेदना होतात. समुद्रावर अनोळखी माशाला हात लावू नये, हे यावरून शिकावे.

तारामासा हा चांदणीसारखा. याचा एखादा पाय तुटला, तर पुन्हा फुटतो. समुद्रकाकडी तळाशी पडून असते. ती वाळू गिळते, त्यातला कुजका अंश खाते आणि वाळू बाहेर टाकते. ती समुद्राची झाडूवालीच म्हणा ना.

समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि समुद्री कासव यांना पकडायला कायद्याने बंदी आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे कासविणी किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. एकेक कासवीण शंभरच्या आसपास अंडी घालते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री नेत. २००२ सालापासून तेथे ती राखली जातात. पिले निघाली की समुद्रात सोडतात. गावकऱ्यांनी मनावर घेतले, म्हणून हे झाले.

बुडबुडे कशाला?

टाकीत सारखे बुडबुडे येताना दिसतात. ते शोभेसाठी नसतात. माशालाही हवा लागते. पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो. जाता जाता कल्ले त्या पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. टाकीतले पाणी थोडे, मासे पुष्कळ. प्राणवायू लवकर सरतो. म्हणून पंपाने हवा सोडावी लागते. पाणी गाळून स्वच्छही ठेवावे लागते.

ही गोष्ट समुद्रकाठच्या लोकांपुरती नाही. आपल्या गावतळ्यालाही ती लागू आहे.

पुष्कळ गावांत तळ्यात मासे सोडतात. त्यावर चार घरे जगतात. एखाद्या दिवशी पहाटे सारे मासे वर येऊन तोंडे उघडून धापा टाकतात. काही मरून तरंगतात. लगेच गावात कुजबुज होते, “कुणीतरी विष घातले!” मग जुनी भांडणे निघतात. कोर्टापर्यंत जातात.

विष घालणारा असतोही. पण आधी नीट पाहावे. तळ्यात शेण, पालापाचोळा, उकिरडा पडला, की तो कुजतो. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. पाण्यातले हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते. रात्री मात्र तेही तो घेते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ऊन वर आल्यावर मासे पुन्हा खाली गेले, तर बहुधा ही हवेची कमतरता समजावी.

अशा वेळी काय करावे? तळ्यात ताजे पाणी सोडावे. पंप असेल तर तळ्याचेच पाणी उंचावरून कारंज्यासारखे पाडावे, म्हणजे हवा मिसळते. माशांना खाद्य घालणे थांबवावे. आणि पुढच्या खेपेला जागेच्या मानाने बेताचेच बी सोडावे. शेणकचऱ्याचा खड्डा तळ्यापासून लांब असावा.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारी बंद असते. या दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात. दर्याही खवळलेला असतो. दोन महिने कळ काढली, तर वर्षभर जाळे भरते. तळे असो की दर्या, रीत एकच. पाणी राखले तर मासा राहील, आणि मासा राहिला तर चूल पेटेल.

विचार करा आणि सांगा

१. देवमासा हा मासा का नव्हे?
२. तळ्यातले मासे पहाटेच वर का येतात?
३. तुमच्या गावच्या तळ्यात काय काय टाकले जाते? ते बंद करायला कोणाकोणाशी बोलावे लागेल?