कोवळी ज्वारी जनावराला का लागते? थोडे रसायनशास्त्र



गळीत हंगाम आटोपला की उसाचे वाडे मिळेनासे होते आणि हिरव्या वैरणीची ओढ लागते. मग ज्वारी काढलेल्या रानातल्या कोवळ्या फुटव्यांवर जनावरे सोडली जातात आणि चांगली दुभती गाय घटकाभरात हातची जाऊ शकते. असे का होते, हे कळावे म्हणून आम्ही या अंकात थोडे रसायनशास्त्र मांडत आहोत. नावे अवघड, पण गोष्ट सोपी आहे.

नायट्राइल म्हणजे काय? कार्बनला तीन बंधांनी जखडलेला नायट्रोजन, अशी जोडी ज्या पदार्थात असते तो नायट्राइल. ही जोडी बेन्झीनच्या सहा कार्बनी कड्याला थेट चिकटली की बेन्झोनायट्राइल होते. टोल्युइनची वाफ, अमोनिया व हवा तापलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन ते कारखान्यात बनवतात. आम्लात बराच वेळ उकळले तर त्याचे आधी बेन्झामाइड व शेवटी बेन्झोइक आम्ल होते. पण जोडी कड्यापासून सहजी सुटत नाही.

कडे आणि जोडी यांच्यामध्ये एक कार्बन आला व त्यावर हायड्रॉक्सिल गट बसला, की मात्र गाठ सैल होते. बेन्झाल्डिहाइड व हायड्रोसायनिक आम्ल एकत्र येऊन असे मँडेलोनायट्राइल बनते, आणि ते उलट फुटले की हेच दोन पदार्थ मोकळे होतात. यातले हायड्रोसायनिक आम्ल हे जालीम विष आहे.

ज्वारीचे कुलूप. ज्वारीचे रोप टायरोसिन या अमिनो आम्लापासून याच घराण्यातले नायट्राइल तयार करते आणि त्याला ग्लुकोज जोडून ठेवते. साखर हेच कुलूप! या पदार्थाला धुरिन म्हणतात. डन्स्टन व हेन्री यांनी १९०२ साली तो ज्वारीतून वेगळा काढला. जनावराने पाला चावला की पेशी फुटतात, विकर धुरिनला भेटते, ग्लुकोज सुटते आणि विष मोकळे होते. रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जंतूही हेच काम करतात. मग रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

कोकणात पेण, रोहा भागातल्या डोंगरवस्त्यांवर पावसाळ्यात बांबूच्या कोंबांची भाजी होते. त्या कोंबांतले टॅक्सिफायलिन हे धुरिनचे सख्खे भावंड. कोंब चिरून उकळतात व पाणी फेकून देतात, त्यामागे शास्त्र आहे. उकळताना हा पदार्थ फुटतो, आणि हायड्रोसायनिक आम्ल २६ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने उघड्या भांड्यातून उडून जाते. गाईला मात्र वैरण उकळून कोण घालणार? म्हणून काळजी आपणच घ्यायची.

ध्यानात ठेवा :

१. ज्वारी फुलोऱ्यात येण्यापूर्वी हिरवी चारू नये. कोवळे फुटवे सर्वांत घातक.

२. पाण्याचा ताण बसलेल्या किंवा नुकताच युरियाचा मोठा हप्ता दिलेल्या पिकात धुरिन वाढते.

३. अर्धवट सुकलेली कोवळी वैरण निर्धोक समजू नये.

४. उपाशी जनावर अशा रानात सोडू नये.

५. धाप, लाळ, थरथर दिसली की तडक पशुवैद्यकांना बोलवा. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने शिरेतून वेळेत मिळाली, तर जनावर वाचू शकते. घरगुती उपायांत वेळ दवडू नका.

— ऊस विकास अधिकारी