निवृत्तिवेतन : सरकारचे की बाजाराचे?

निवृत्तिवेतन सरकारने द्यावे की खासगी कंपन्यांवर सोपवावे, हा वाद निघाला की खासगीकरणाचे कैवारी हटकून चिलीचा दाखला देतात. म्हणून तो दाखलाच मी जरा खोलात जाऊन पाहिला.

दक्षिण अमेरिकेतील या देशाची जुनी व्यवस्था आदर्श नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अनेक निधी, प्रत्येकाचे नियम निराळे. कारकुनाला एक न्याय, मजुराला दुसरा. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत १९८१ साली ती मोडून नवी योजना आली. कामगाराने पगाराचे दहा टक्के खासगी कंपनीतील स्वतःच्या खात्यात भरायचे, कंपनीने ते गुंतवायचे, आणि म्हातारपणी जे साठेल त्यावर गुजराण करायची. या बचतीत मालकाचा वाटा नव्हता. सैन्य व पोलीस मात्र जुन्याच योजनेत राहिले! योजना लादणाऱ्यांनी स्वतःला तिच्याबाहेर ठेवले, यावर अधिक भाष्य नको.

कागदावर गणित चोख होते. मोठे भांडवल उभे राहिले, हेही खरे. पण या गणितातला कामगार वर्षानुवर्षे अखंड नोकरी करणारा होता. हंगामी मजूर, फेरीवाले, मुलांसाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रिया यांच्या खात्यात साठणार तरी काय? अखेर २००८ साली सरकारलाच गरीब वृद्धांसाठी तिजोरी उघडावी लागली. २०२२ मध्ये ती मदत बहुसंख्य वृद्धांना लागू झाली, आणि २०२५ च्या कायद्याने मालकांचा वाटाही टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे ठरले. झटकलेला बोजा पुन्हा सरकारच्याच खांद्यावर आला.

आपल्याकडे इतके टोक गाठले गेले नाही, पण दिशा तीच होती. केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून (सैन्यदले येथेही वगळून!) आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचे, अखेरच्या पगाराच्या निम्मे असे ठरलेले निवृत्तिवेतन गेले. त्याऐवजी कर्मचारी व सरकार यांच्या अंशदानाचा निधी बाजारात गुंतवला जाऊ लागला. मार्च २०२३ मध्ये आपल्या राज्यातील कर्मचारी याच प्रश्नावर संपावर गेले. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एक पर्याय दिला : पंचवीस वर्षे सेवा झाल्यास, शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी. येथेही सरकारला परत फिरावे लागलेच.

तरीही जुनी योजना जशीच्या तशी आणावी, असे मी म्हणणार नाही. तिचा खर्च करांतून भागतो, आणि साबणाची वडी घेताना कर ऊसतोड कामगारही भरतो. त्याच्यासाठी कोण संपावर जाणार? दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धाला केंद्राच्या योजनेतून महिना २०० रुपये मिळतात. राज्य त्यात आपली भर घालते. केंद्राचा हा आकडा पंधरा वर्षांहून अधिक काळ वाढलेला नाही.