पंचवीस वर्षांचा पूर पुढच्याच वर्षी आला तर?

प्रश्न : मोशीत इंद्रायणीकाठी आमची बारा गुंठे उताराची जागा आहे. आर्किटेक्ट म्हणतात, खालचा अर्धा भाग निळ्या पूररेषेत येतो, तिथे बांधता येणार नाही. वडिलांच्या आठवणीत तिथे कधी पाणी आलेले नाही. भराव टाकून जोते उंच केले तर काय बिघडले?

उत्तर : पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. पण नदी वेळापत्रक पाळत नाही. दर पावसाळ्यात तसा पूर येण्याची शक्यता ४ टक्के, मग तो गेल्या वर्षी येऊन गेलेला का असेना. वीस वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. वडिलांची आठवण खरीच असेल. मात्र त्यांच्या तरुणपणी आजूबाजूच्या शेतांत जे पाणी मुरायचे, ते आता काँक्रीट आणि कारखान्यांच्या छपरांवरून थेट ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते.

आता भराव. त्याने पाणी नाहीसे होत नाही, फक्त सरकते. वाहायची जागा अरुंद झाली की पातळी चढते आणि पाणी वरच्या अंगाला किंवा समोरच्या काठावर शिरते. समोरच्यानेही भराव टाकला, की तुमचा अपुरा पडतो! शिवाय हा भराव बहुधा राडारोड्याचा. तो वर्षानुवर्षे दबत राहतो आणि भिंतींना तडे जातात.

‘चिंचवडला मोरया गोसावींचे मंदिर नदीतच आहे की!’ असे कुणी म्हणेल. पवनेला पूर आला की तिथे पाणी शिरते हे खरे. ते ओसरले की गाळ धुऊन काढायचा. दगडाला त्याचे काही नाही. पण तिथे कोणी फ्रिज, गाद्या आणि विजेचा मीटर मांडून राहत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता.

तुमच्या जागेचा उतार मात्र कामाचा आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम करता येते. घर वरच्या अंगाला, खांबांवर घ्या. राहता मजला लाल रेषेच्या वर आणि मीटरही तिथेच. खालच्या भागात करंज, उंबर, वाळुंज लावा. त्यांची मुळे काठाची माती धरतात आणि चार दिवस पाण्यात उभे राहायला ही झाडे कुरकुरत नाहीत. आर्किटेक्ट बदलू नका.