चढाईचा मुष्टियोद्धा आणि शैलीचा पालट

मुष्टियुद्धात जो सतत पुढे सरकत राहतो, प्रतिस्पर्ध्याला उसंत देत नाही आणि दोन ठोसे खाऊन तीन मारण्यास तयार असतो, त्याला चढाईचा योद्धा म्हणता येईल. हेवीवेट गटात या शैलीचे आकर्षण विशेष, कारण तेथे एकच ठोसा लढतीचा निकाल लावू शकतो. अशा योद्ध्याने आपली शैली बदलावी काय, हा प्रश्न प्रशिक्षकांपुढे वारंवार येतो. बहुधा तो पराभवानंतर येतो, आणि खरी मेख तेथेच आहे.

भारतात हवा सिंग यांनी १९६६ व १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धांत आणि कौर सिंग यांनी १९८२ मध्ये दिल्लीला या गटाचे सुवर्णपदक मिळविले. त्या काळी हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे. दमदार मनुष्य नऊ मिनिटे एकच चाल रेटू शकतो; ती चाल ओळखून तिच्यावर उतारा शोधण्यास समोरच्याला फारसा अवधी मिळत नाही. व्यावसायिक अजिंक्यपदाची लढत मात्र पंधरा फेऱ्यांची असे. १९८० नंतरच्या दशकात ती बारा फेऱ्यांवर आली. इतक्या वेळात कोणतीही एकसुरी चाल उघडी पडते.

या बाबतीत जो फ्रेझर या अमेरिकन योद्ध्याचे उदाहरण फार बोलके आहे. त्याची उंची सहा फुटांहून किंचित कमी, म्हणजे या गटात बेताचीच. लांबून ठोसे मारणे त्याला परवडणारे नव्हते. लहानपणी शेतावर एक डुक्कर मागे लागले असता तो पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. पुढे तो हात पूर्ण सरळ होईना. वाकलेल्या कोपराच्या त्याच हाताने मारलेला डावा ‘हुक’ हे त्याचे मुख्य अस्त्र ठरले. कमरेत वाकून, डोके डावी-उजवीकडे हलवीत आत शिरणे आणि जवळून हुक मारणे ही त्याची शैली कोणी पुस्तकातून शिकविलेली नव्हती. ती त्याच्या हाडामांसातून आली होती. याच शैलीने त्याने ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे महंमद अलीला पंधराव्या फेरीत खाली पाडले आणि गुणांवर हरविले.

पुढे जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे त्याची गाठ जॉर्ज फोरमनशी पडली. फोरमन उंच आणि विलक्षण ताकदीचा. आत शिरणाऱ्या फ्रेझरला तो हातांनी मागे रेटी आणि वाकलेल्या डोक्यावर खालून वर ठोसा लगावी. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा कोसळला. जून १९७६ मध्ये हे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा फ्रेझर मुंडण करून आला होता आणि त्याची शैलीही पालटली होती. सरळ आत न घुसता तो बाजूबाजूने सरकत, अंतर राखून लढू लागला. पहिल्या फेऱ्या त्याने निभावल्या. पाचव्या फेरीत तो दोनदा पडला आणि लढत थांबविण्यात आली.

यावरून शैली बदलणे व्यर्थ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फ्रेझरने धोका टाळला खरा, पण त्याबरोबर स्वतःचे अस्त्रही दूर ठेवले. दुरून त्याचा हुक पोहोचतच नव्हता. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद पठ्ठ्याला त्याचा हुकमी डाव सोडावयास सांगत नाहीत. ज्याची ढाक बसते त्याने ढाकच मारावी. मात्र तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक हव्यात, नाहीतर जोडीदार पाय आधीच काढून घेतो. मुष्टियुद्धातही पालट करावयाचा तो वाटेत.

खुद्द फोरमनने हा पालट करून दाखविला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे दोरांना टेकून उभ्या असलेल्या अलीवर तो ठोशांचा वर्षाव करीत राहिला, थकला आणि आठव्या फेरीत पडला. १९७७ मध्ये जिमी यंगकडून गुणांवर हरल्यावर त्याने खेळ सोडला व तब्बल दहा वर्षांनी तो परतला. चढाई त्याने सोडली नव्हती. पण आता तो सावकाश पुढे येई, दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून मार अडवी आणि डाव्या हाताचे साधे सरळ ठोसे टाकीत राही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, मायकेल मूररविरुद्ध गुणांत मागे असतानाही त्याने घाई केली नाही. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा आखूड ठोसा बसला आणि अजिंक्यपद त्याच्याकडे परत आले.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तेथील कामगाराला हे निराळे सांगावयास नको, की अशी भट्टी वाटेल तेव्हा विझविता येत नाही. आतला माल थिजला तर भट्टीच अडते. कमीअधिक करावयाचा तो हवेचा झोत. चढाईच्या योद्ध्याचेही असेच आहे. तो पुढेच जाईल, पण प्रत्येक वेळी त्याच वेगाने व त्याच रेषेत नव्हे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. डोक्यावर मारण्यापूर्वी बरगड्यांवर. आणि अधूनमधून मुद्दाम थबकून, म्हणजे समोरचा चुकीच्या क्षणी ठोसा टाकील. हे सरावात वर्षानुवर्षे मुरावे लागते. पराभवानंतर चार महिन्यांत घाईने अंगावर चढविलेली शैली पहिल्या जबर ठोशाबरोबर गळून पडते.

आणखी एक गोष्ट. चढाईचा योद्धा जो मार खातो त्याची नोंद गुणपत्रिकेत फारशी राहत नाही. शरीरात मात्र राहते. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे फ्रेझर अलीशी तिसऱ्यांदा लढला. त्याचा डावा डोळा पूर्वीपासूनच अधू होता, हे त्याने पुढे स्वतः सांगितले. चौदाव्या फेरीपर्यंत उजवा सुजून मिटला. समोरून येणारा ठोसा दिसत नसताना कोणती शैली उपयोगी पडणार? फ्रेझर पंधराव्या फेरीसाठी उठू पाहत होता. प्रशिक्षक एडी फ्युच यांनी त्याला बसवून ठेवले आणि लढत सोडून दिली.