क्रुसाची वाट : गोष्टीत मी कुठे उभा?

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती घरांत रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. माटुंग्यातल्या मुलांनी डॉन बॉस्कोचं चर्च येताजाता पाहिलेलं असतं, पण या दिवसांत आत काय चालतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विशेषतः शुक्रवारी 'क्रुसाची वाट' ही भक्ती होते. पिलाताने शिक्षा सुनावल्यापासून कबरीपर्यंतचे 14 प्रसंग असतात. प्रत्येकापाशी थांबायचं, प्रार्थना करायची, पुढे चालायचं. वारीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला हे चटकन समजतं.

म्हणजे ही गोष्ट नुसती ऐकायची नाही, तिच्यात शिरायचं. मराठीत ही रीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यातल्या साष्टीत छापलं गेलं. त्यात श्रोते मधेच प्रश्न विचारतात, म्हणजे ऐकणाऱ्यालाही पुराणात जागा आहे!

वर्गात मी येशूपासून सुरुवात करत नाही. शिमोन कुरेनेकरापासून करते. हा माणूस शेताकडून येत होता. शिपायांनी त्याला धरलं आणि क्रूस उचलायला लावला. आपल्याकडे याला 'वेठीला धरणं' म्हणतात; शब्द सांगितला की मुलं सावरून बसतात. मग विचारते, त्या रस्त्यावर तू कुठे असतास? रडणाऱ्या बायकांत, शिपायांत, की गच्चीवरून बघणाऱ्यांत? (तोंड पुसायला रुमाल देणारी वेरोनिका मुलींना फार आवडते. ती बायबलात नाही, परंपरेतली आहे, हेही सांगावं.)

पालकांनी घरी ही गोष्ट सांगताना खिळे आणि रक्त रंगवू नये. लहान मूल तेवढंच लक्षात ठेवतं. आणि 'यहुद्यांनी मारलं' असं तर मुळीच म्हणू नये. येशू स्वतः यहुदी होता, शिक्षा रोमन सुभेदाराची होती.

उत्तरं वहीत लिहून घेते, मोठ्याने वाचायला लावत नाही. बहुतेक जण 'मी मदत केली असती' असंच लिहितात. चौथीतल्या एकाने लिहिलं, 'मी घरी जाऊन दार लावलं असतं.' त्याला चूक-बरोबर काही दिलं नाही. पुढच्या तासाला पेत्राची गोष्ट घेतली. तो येशूचा अगदी जवळचा शिष्य, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला की मी त्याला ओळखत नाही. तो मुलगा त्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसला होता.