मॉड्यूल बदलण्याआधी तपासा

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून कापडाचे गठ्ठे घेऊन पैठणला निघालेली आमची जुनी व्हॅन बिडकीनजवळ बंद पडली. थंड झाली की चालू, तापली की बंद! मेकॅनिकने न तपासताच इग्निशन मॉड्यूल बदलले. पैसे गेले, बाजार बुडाला, दोष तसाच.

मॉड्यूल म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. डिस्ट्रिब्युटरमधील पिकअपच्या इशाऱ्यावर तो कॉइलचा प्रवाह तोडतो, तेव्हा ठिणगी पडते. डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या गाडीची तपासणी अशी करावी :

१) गाडी बंद पडेल तेव्हाच, गरम असतानाच तपासावी. प्लगला ठिणगी येते का पाहावे. वायर हातात धरू नये. झटका हजारो व्होल्टचा असतो.

२) ठिणगी नसेल तर चावी चालू ठेवून कॉइलच्या पॉझिटिव्हला सुमारे १२ व्होल्ट येतात का, हे मीटरने पाहावे.

३) टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे कॉइलच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारावा. लॅम्प लुकलुकला तर मॉड्यूल चालू आहे. कॉइल, कॅप व वायरी पाहाव्यात. लुकलुकला नाही तर मॉड्यूलचा पुरवठा, अर्थ आणि पिकअप तपासावेत. ते ठीक असतील तरच मॉड्यूल बदलावे.

आमचा लॅम्प लुकलुकला. दोष कॉइलचा निघाला. ठाण फाडण्याआधी आपण मोजतोच, सुटा भाग घेण्याआधीही मोजावे.