पडद्यावरचा रांजण

कुंभाराला मडके घडवताना तुम्ही पाहिले असेल. तो ओल्या मातीचा गोळा फिरत्या चाकावर ठेवतो. आधी मडक्याचे पोट तयार होते, मग गळा, मग काठ. नक्षी काढायची असेल तर ती सर्वांत शेवटी. हा क्रम ध्यानात ठेवा. आज आपण मातीशिवाय मडके घडवणार आहोत आणि तेथेही हाच क्रम उपयोगी पडणार आहे.

संगणकाच्या पडद्यावर मातीसारखा गोळा घेऊन माऊसने त्याला आकार देता येतो. यालाच डिजिटल शिल्पकला म्हणतात. कागदावरच्या चित्राची एकच बाजू दिसते. ही वस्तू मात्र फिरवून मागून, वरून, खालून पाहता येते. चित्रपट, खेळ, दागिन्यांचे नमुने अशा कितीतरी कामांत तिचा उपयोग होतो.

यासाठी लागणारे 'ब्लेंडर' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. नेदरलँड्समधील टॉन रूझेनडाल यांनी ते तयार केले. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा, 2002 साली, ते वापरणाऱ्या लोकांनी केवळ सात आठवड्यांत 1,00,000 युरो वर्गणी जमवली आणि ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. त्या वर्गणीचा लाभ आज शहापूरच्या मुलालाही मिळतो!

पहिली वस्तू कोणती घडवावी? बहुतेक मुले माणसाच्या चेहऱ्याच्या मागे लागतात. माझे मत विचाराल तर तसे करू नका. चेहऱ्यातली लहानशी चूकही लगेच डोळ्यांत भरते आणि नवशिक्याचे मन खट्टू होते. रांजण घ्या. रांजण म्हणजे पाणी साठवण्याचा मोठा माठ. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेलात, तर माथ्यावर एकाच दगडात कोरलेला रांजण दिसेल. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे सांगतात. तोच आपला नमुना.

ब्लेंडर उघडून नवीन फाईलमध्ये 'स्कल्प्टिंग' निवडा. पडद्यावर एक गोळा येईल. माऊसचे मधले बटण दाबून धरले की तो फिरवून पाहता येतो. आता 'जी' ही कळ दाबा. हे 'ग्रॅब' नावाचे हत्यार आहे. त्याने गोळ्याचा भाग चिमटीत धरल्यासारखा ओढता येतो. 'एफ' दाबून माऊस सरकवला की हत्याराची रुंदी कमी-जास्त होते. सुरुवातीला ती मोठी ठेवा. वरचा भाग ओढून गळा काढा, तळ थोडा चपटा करा. मग 'ड्रॉ' हे हत्यार घ्या. त्याने पृष्ठभाग फुगतो. 'कंट्रोल' दाबून ठेवल्यास उलट आत दबतो. रांजणाचे तोंड असेच आत दाबायचे. कोठे ओबडधोबड झाले तर 'शिफ्ट' दाबून हात फिरवा, ओल्या फडक्याने पुसल्यासारखे ते गुळगुळीत होईल.

वरच्या पट्टीत एक्स, वाय आणि झेड अशी तीन अक्षरे असतात. एक्स आणि वाय चालू ठेवा, म्हणजे चारही बाजू एकदम सारख्या घडतील. झेड मात्र चालू करू नका. नाहीतर रांजणाला खालूनही तोंड फुटेल!

आता माझी फजिती सांगतो. मला पहिल्याच दिवशी काठावर वेलबुट्टी काढायची हौस आली. पोट अजून वाकडे होते, तरी मी नक्षीच्या मागे लागलो. गोळ्याचा पृष्ठभाग लहान-लहान चौकोनांचा बनलेला असतो. बारीक काम करायचे तर चौकोन वाढवावे लागतात. दर वेळी एका चौकोनाचे चार होतात. माझ्याकडे सुमारे 1,500 चौकोन होते. पहिल्यांदा ते 6,000 झाले, मग 24,000, मग 96,000. मी न थांबता सहा वेळा वाढवले. गणित करून पाहा: 61,44,000! जुना संगणक जागच्या जागी थांबला. फाईल जतन केलेली नव्हती. दोन तासांचे काम गेले. दोष संगणकाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचाही नेम नसतो, म्हणून आता मी दर दहा मिनिटांनी 'कंट्रोल' आणि 'एस' दाबतो. वर्गातली मुले हसतात, हसू देत.

थोडे चौकोन असतानाच मोठा आकार नीट होतो. गळा फार ओढला तर तेथले चौकोन ताणले जातात आणि हत्यार नीट चालत नाही. अशा वेळी 'रिमेश' करा, म्हणजे पृष्ठभागावर पुन्हा सारखे चौकोन पडतात. पण एका बाजूने पाहून समाधान मानू नका. समोरून सुबक दिसणारा रांजण वरून पाहिला की लंबगोल निघतो. माझे पहिले दोन रांजण तसेच निघाले.

नाणेघाटाला जाल तेव्हा सुतळी घेऊन जा. रांजणाचा घेर आणि उंची मोजा, चारही बाजूंनी त्याची आकृती वहीत काढा. तेथल्या लेण्यातही जाऊन या. तेथे सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्यांची नावे अजून आहेत. राणी नागनिकेचेही नाव आहे. मूर्तींच्या मात्र पावलांच्या खुणाच उरल्या आहेत. त्यांचे चेहरे कसे होते हे आज कोणालाही सांगता येत नाही. रांजण अजून आहे. त्याची मापे नीट टिपून आणा आणि पुढच्या तासाला पडद्यावर घडवायला बसा.